पागेचे वेळापत्रक घोड्याच्या पोटावरून कसे बसवावे

पहाटे चंदी (धान्याचा खुराक), मग खरारा आणि रपेट, दुपारी पेंढीभर वैरण, संध्याकाळी पुन्हा चंदी, रात्री पागा बंद. बहुतेक पागांचा दिवस अजूनही असाच जातो. हा क्रम माणसांच्या पाळ्यांना सोयीचा आहे, घोड्याच्या पोटाला नाही. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असते, मग तो खात असो वा नसो. ते आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. माणसाच्या तोंडाला नुसत्या वासाने पाणी सुटते, घोड्याच्या सुटत नाही. पोट चार ते सहा तासांहून जास्त रिकामे राहिले, की जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागाला आम्ल लागते आणि व्रण पडतात. जठराची दुर्बिणीतून तपासणी सुरू झाल्यावर शर्यतीच्या सरावातल्या बहुसंख्य घोड्यांना असे व्रण असल्याचे दिसून आले, आणि दैनंदिन निगेचे मापदंड बदलू लागले ते तिथपासून.

म्हणून आता पागेचे काम वैरणीभोवती बसवायचे. चंदी, रपेट, साफसफाई या सगळ्यांच्या वेळा त्यानंतर ठरतात.

आधी वजन

चारा, चंदी, मीठ, जंतनाशक हे सगळे वजनावर ठरते आणि नजरेचा अंदाज हमखास चुकतो. काटा नसेल तर शिंप्याची टेप चालते. घोडा सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभा करा. खांद्यांवरच्या उंचवट्याच्या लगेच मागून, पुढच्या पायांच्या मागे टेप फिरवून छातीचा घेर घ्या. घोड्याने श्वास सोडल्यावर आकडा वाचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये.

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ ११,८८०

घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३४४ किलो. या मोजमापात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होते, पण दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने, त्याच वेळी मोजले तर वाढ-घट नेमकी कळते. त्याच्या जोडीला हाताने अंगलट तपासा. १९८३ पासून वापरात असलेल्या १ ते ९ अंकांच्या पद्धतीत ५ हा मध्य: बरगड्या दिसत नाहीत, पण तळहात फिरवला की सहज लागतात. बोटे रुतवल्याशिवाय बरगडी लागत नसेल तर घोडा जाड आहे. थंडीतले लांब केस बरगड्या झाकतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका. मानेवर आयाळीखाली घट्ट चरबीचा उंचवटा दिसू लागला, तर तो खूरदाहाच्या, म्हणजे खुराच्या आतल्या दुखऱ्या दाहाच्या, धोक्याचा इशारा समजा.

वैरण: किती, कधी, कशी

दिवसाला वजनाच्या २ टक्के कोरडा चारा हे लक्ष्य. १.५ टक्के ही खालची मर्यादा, आणि जाड घोड्याचे वजन उतरवतानाही पशुवैद्यांच्या देखरेखीशिवाय तिच्याखाली जाऊ नये. वाळलेल्या गवतातही १०-१५ टक्के ओलावा असतो, तो धरून हिशेब करावा. ३४४ किलोच्या घोड्याला २ टक्के म्हणजे ६.९ किलो कोरडा अंश, प्रत्यक्षात सुमारे ७.८ किलो वाळलेले गवत.

ते पेंढ्यांत मोजू नका. एक पेंढी दुसरीच्या दीडपट भरू शकते. वैरणीच्या कोठीत हुकाचा काटा टांगा आणि प्रत्येक जाळी भरून तोला. दोन-तीन आठवड्यांत मोतद्दाराच्या (घोड्याची निगा राखणाऱ्याच्या) हाताला वजन बसते, तरी आठवड्यातून एकदा पडताळा घेत राहा.

एक किलो गवत खायला घोड्याला साधारण ४० मिनिटे लागतात, एक किलो ओट जेमतेम १० मिनिटांत संपतात. मोकळा चरणारा घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरतो. ७.८ किलो गवत मोकळे टाकले तर सव्वापाच तासांतच संपेल आणि उरलेला दिवस पोट रिकामे राहील. म्हणून वाटणी महत्त्वाची. आमच्या मते सरावाला बसणारी वाटणी अशी:

सकाळी ६ वाजता १.५ किलो
कामानंतर, १० च्या सुमारास १ किलो
दुपारी १ वाजता १.५ किलो
संध्याकाळी ५ वाजता १.३ किलो
रात्री ९ वाजता २.५ किलो, ३ ते ४ सेंटिमीटर भोकांच्या जाळीत

सगळ्यात मोठा वाटा रात्रीचा का, हे हिशेबातच दिसते. मोकळे टाकलेले अडीच किलो गवत अकरापर्यंत संपते, म्हणजे सहा वाजेपर्यंत सात तासांचा उपास घडतो. बारीक भोकांच्या जाळीने तेच मध्यरात्रीनंतर एक-दीडपर्यंत पुरते आणि खंड पाच तासांच्या आत राहतो. तरीही मध्यरात्रीच जाळी रिकामी आणि पहाटे घोडा दार खटखटावतो असे रोज होत असेल, तर दुसरी जाळी पहिलीवर चढवा म्हणजे खाण्याचा वेग आणखी मंदावतो. जाड घोड्यासाठी वैरणीचा पाव हिस्सा हळूहळू स्वच्छ पेंढ्याने (धान्य काढून उरलेल्या वाळक्या काडाने) बदलता येतो, मात्र दात चांगले हवेत. नीट न चावलेला पेंढा आतड्यात अडकतो.

नाल नसलेल्या घोड्याची जाळी जमिनीलगत ठेवली तरी चालते. मान खाली घालून खाणे त्याला स्वाभाविक आहे, त्याने श्वासनलिकेतली धूळ आणि कफ बाहेर येतो. नाल असेल तर जाळी रिकामी होऊन लोंबली तरी पाय अडकणार नाही इतक्या उंचीवर, म्हणजे छातीच्या पातळीला बांधा. बांधताना झटक्याने तुटणारी सुतळी मध्ये घाला.

गवत धुळकट असेल, किंवा घोडा खाताना खोकत असेल, तर १० ते ३० मिनिटे पाण्यात बुडवून निथळून द्या. साखर कमी करायची असेल तर जास्त वेळ भिजवावे लागते. ते पाणी पिंगट होते, ते ओतून द्या, घोड्यापुढे ठेवू नका. भिजवलेले गवत उष्ण हवेत काही तासांत आंबते, म्हणून एका वेळचेच भिजवा. बुरशी लागलेले गवत भिजवून सुधारत नाही, ते टाकूनच द्यावे.

चंदी मोजायची ती पिष्टाने

डब्याने मोजलेली चंदी ही पागेतली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. एक डबा मका आणि एक डबा ओट यांच्या वजनात मोठा फरक असतो, आणि पिष्टात (स्टार्चमध्ये) त्याहून मोठा. लहान आतड्याला एका वेळी ठराविकच पिष्ट पचवता येते. उरलेले मोठ्या आतड्यात उतरले की तिथे आंबते, तंतू पचवणारे जीवाणू मरतात, आणि त्यातून पोटदुखी किंवा खूरदाह उद्भवतो.

सुरक्षित मर्यादा अशी: एका वेळी दर किलो वजनामागे १ ग्रॅम पिष्ट, दिवसभरात २ ग्रॅम. ओटात सुमारे ४० टक्के पिष्ट असते, जवात ५५, मक्यात ७०. ३४४ किलोच्या घोड्याला एका वेळी जास्तीत जास्त ८५० ग्रॅम ओट, किंवा ६२५ ग्रॅम जव, किंवा ४९० ग्रॅम मका. या मर्यादा आहेत, शिफारशी नव्हेत. जठराच्या व्रणाचा इतिहास असलेल्या घोड्याला यांच्या निम्म्यावर थांबा. ओट अख्खे दिले तरी पचतात. मका आणि जव शिजवून किंवा भाजून-चेचून द्यावे लागतात, नाहीतर त्यांचे पिष्ट थेट मोठ्या आतड्यात जाते. हलके काम करणाऱ्या बहुतेक घोड्यांना चांगली वैरण, मीठ आणि खनिज मिश्रण एवढेच पुरते. त्यांची चंदी बंद केल्याने घोड्याचे काही बिघडत नाही, मालकाच्या मनाला तेवढे रुखरुखते.

चंदीआधी किमान वीस मिनिटे वैरण खाऊ द्या. भुकेला घोडा चंदी न चावता गिळतो आणि घास अन्ननलिकेत अडकतो. खोगीर चढवण्यापूर्वीही दोन-चार मुठी गवत द्यावे. दुडकी चालीत आणि दौडीत पोट दाबले जाऊन आम्ल वर उसळते, तेव्हा चावलेल्या चाऱ्याचा थर त्याला अडवतो. ‘रिकाम्या पोटी काम’ हा जुना नियम चंदीपुरता खरा आहे: भरपेट चंदीनंतर दोन-तीन तास जोराचे काम नको. वैरणीला तो लावू नये.

आठवड्यातून एकदा कोंड्याची गरम मऊ लापशी देण्याची पद्धत आता सोडावी. एक दिवसाचा का होईना, तो आहारातला अचानक बदल असतो. रोज कोंडा देणे त्याहून वाईट: कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प, त्यामुळे शरीर हाडांतून कॅल्शियम काढते. जबड्याची हाडे फुगून मऊ पडेपर्यंत हे लक्षातही येत नाही.

कोणताही चारा बदलताना १० ते १४ दिवस घ्या. पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवा, मग निम्मा, मग पाऊण. हे चंदीइतकेच गवतालाही लागू आहे. नव्या गंजीचे गवत एकदम सुरू करणे हे पोटदुखीचे नेहमीचे कारण आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

मिठाचे प्रमाण काम न करणाऱ्या ३४४ किलोच्या घोड्याला दिवसाला १७-१८ ग्रॅम, घाम गाळणाऱ्याला त्याच्या दुप्पट किंवा अधिक. चाटायचा मिठाचा खडा ठाणात (घोड्याच्या राहण्याच्या खोलीत) असावाच, पण बरेच घोडे पुरेसे चाटत नाहीत, म्हणून खाण्यात मिसळून द्या. पाणी कायम पुढे हवे: या आकाराचा घोडा आराम करताना २० लिटरच्या आसपास पितो, उन्हाळ्यात कामाच्या दिवशी ४० च्या वर. आपोआप भरणाऱ्या भांड्यापेक्षा बादलीचा एक फायदा मोठा आहे: घोडा किती प्यायला हे दिसते. बादलीच्या आत पाच-पाच लिटरच्या खुणा करून ठेवा.

सकाळची पाच मिनिटे

जाळी टांगण्याआधी पागेतून एक शांत फेरी मारा. रात्रीच्या लिदीचे ढीग मोजा. दिवसभरात आठ ते बारा वेळा लीद हे सर्वसाधारण प्रमाण, त्यामुळे रात्रीतून एक-दोनच ढीग असतील तर लक्ष ठेवा. लिदीचे गोळे ओलसर, पडल्यावर फुटणारे असावेत. शिल्लक गवत आणि पाणी पाहा. मग प्रत्येक घोड्याच्या पायाला हात लावा: चारही खुरांची उष्णता आणि घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंनी लागणारी नाडी. एरवी ती शोधावी लागते. ती ठणठण लागत असेल तर खुरात पू किंवा खूरदाह असण्याची शक्यता धरा आणि घोडा कामाला काढू नका.

आरामात असताना ताप ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हिरड्या ओल्या, गुलाबी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परतणारा. हे आकडे सर्वसाधारण घोड्याचे. तुमच्या घोड्याचे स्वतःचे आकडे सलग आठवडाभर घेऊन ठाणावर लिहून ठेवा, कारण एरवी ३० नाडी असणाऱ्याला ४४ म्हणजे काहीतरी दुखते आहे.

चेहराही वाचायला शिका. २०१४ पासून घोड्याच्या वेदना चेहऱ्यावरून मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे: ताठ मागे वळलेले कान, अर्धवट मिटलेला डोळा, डोळ्यावरच्या हाडाची उठून दिसणारी कडा, आवळलेला जबडा, घट्ट ओठ, ताणलेल्या नाकपुड्या. ‘आळशी झाला’ किंवा ‘माजला’ असे म्हणण्याआधी हे सहा तपासावेत.

ठाण, बिछाना आणि हवा

जर्मनीतल्या मार्गदर्शक तत्त्वांत ठाणाचा किमान आकार घोड्याच्या उंचीवरून काढतात: खांद्यापर्यंतच्या उंचीची दुप्पट घेऊन तिचा वर्ग. १५० सेंटिमीटर उंचीच्या घोड्याला ३ मीटर × ३ मीटर. अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागून दोर) लावून रात्रभर बांधलेला घोडा नीट आडवा होऊ शकत नाही. उभ्याने तो डुलकी काढतो, पण गाढ झोपेच्या एका टप्प्यासाठी त्याला अंग टाकावेच लागते. दिवसेंदिवस ती झोप मिळाली नाही तर तो उभ्या उभ्या गुडघ्यांत कोसळतो. पुढच्या घोट्यांवर नव्या जखमा दिसू लागल्या तर झोपेचा विचार आधी करा.

बिछाना १०-१५ सेंटिमीटर जाड, दाबल्यावर जमीन हाताला न लागणारा. ओला भाग रोज काढायचा, वरवर नवा भुसा पसरून झाकायचा नाही. मूत्रातून सुटणारा अमोनिया जमिनीलगत साचतो. उभ्याने वास येत नाही म्हणून हवा चांगली असे समजू नका, ठाणात गुडघ्यांवर बसून नाक घोड्याच्या आडव्या डोक्याच्या उंचीवर न्या. तिथे डोळे चुरचुरले तर बिछाना काढा आणि हवेचा मार्ग वाढवा. झाडलोट आणि गवत झटकणे घोडे बाहेर असतानाच करा, आणि धूळ बसायला अर्धा तास द्या.

सोबत आणि मोकळीक

स्वित्झर्लंडमध्ये घोड्याला दुसऱ्या घोडावर्गीय प्राण्याचे दर्शन, आवाज आणि वास मिळाला पाहिजे हे कायद्यानेच बंधनकारक आहे. घोडा कळपाचा प्राणी आहे, त्यामुळे एकटे ठेवलेल्या घोड्यावर सतत ताण असतो. दोन ठाणांमधल्या भिंतीचा वरचा भाग गजांचा करणे हा सर्वांत सोपा बदल. नव्या जोडीला मोकळ्यात सोडताना आधी काही दिवस कुंपणाआडून ओळख होऊ द्या, मागच्या नाला काढा, आणि गवताचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा.

लाकूड दातांत धरून हवा ओढणे किंवा ठाणात डोलत राहणे याला पूर्वी खोड म्हणत आणि गळ्याला पट्टा आवळून ती मोडत. ही वर्तणूक कमी वैरण, एकटेपणा आणि कोंडून ठेवणे यांतून येते. शेजारचा घोडा ती पाहून शिकतो असे नव्हे, त्यालाही तीच परिस्थिती मिळालेली असते. पट्ट्याने कृती थांबते, ताण वाढतो. वैरण वाढवा, व्रणांची तपासणी करून घ्या, बाहेर सोडा. जुनी सवय पूर्ण जाईलच असे नाही.

खूर आणि खरारा

खूर रोज साफ करा, टाचेकडून पुढच्या टोकाकडे. तळव्यावरच्या मऊ त्रिकोणी भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा पाहा: काळा, दुर्गंधी चिखल म्हणजे कूज. खाच घासून धुवा, कोरडी करा, ठाण कोरडे ठेवा. जिवंत मांस जाळणारी तीव्र रसायने ओतू नका. नालबंद दर चार ते सहा आठवड्यांनी यावा, नाल सैल होण्याची वाट पाहू नये. खुरांना रोज तेल चोपडण्याने चमक येते, खूर मजबूत होत नाही.

खरारा करताना ओठांभोवतीच्या आणि डोळ्यांजवळच्या लांब मिशा कापू नका. त्या स्पर्शाच्या केसांनीच घोडा तोंडासमोरची, डोळ्यांना न दिसणारी जागा चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत २०२१ पासून हे केस कापलेल्या घोड्याला भाग घेता येत नाही.

तापलेला घोडा

तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, अंगावर गार पाणी ओतू नये, हे दोन्ही समज सोडून द्या. काम थांबताच त्याला सावलीत, वाऱ्याला उभे करा. दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी सतत गार पाणी ओतावे: मान, छाती, पाठ, पुठ्ठे, मांड्यांच्या आतली बाजू. पाणी निपटून काढण्यात वेळ घालवू नका, ओतत राहणे अधिक परिणामकारक ठरते. मात्र ओले फडके किंवा चादर अंगावर ठेवू नका, तिच्याखाली उष्णता कोंडते. मधेच थोडे चालवा, पुन्हा ओता. गुदद्वारातले तापमान ३९ अंशांखाली येऊन श्वास संथ होईपर्यंत थांबू नका. पिण्याचे पाणी लगेच पुढे धरा.

जंतनाशक: सगळ्यांना दर दोन महिन्यांनी नको

दर सहा-आठ आठवड्यांनी पागेतल्या सगळ्या घोड्यांना औषध, हा नियम १९६० च्या दशकात मोठ्या रक्तशोषक जंतांसाठी आला. आज मुख्य अडचण लहान जंतांची आहे आणि त्यांनी अनेक औषधांना दाद देणे बंद केले आहे. साधारण वीस टक्के घोडे ऐंशी टक्के अंडी टाकतात, म्हणून तपासून औषध द्यायचे.

ताज्या लिदीचे दोन-तीन गोळे, आतल्या भागातून, पिशवीत भरा. हवा दाबून काढा, पिशवी फ्रीजमध्ये ठेवा (गोठवू नका) आणि एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवा. उष्ण हवेत ठेवलेल्या नमुन्यात अंडी फुटतात आणि आकडा खोटा येतो. एका ग्रॅममध्ये २०० हून कमी अंडी असतील तर बहुतेक प्रौढ घोड्यांना तेव्हा औषध लागत नाही. ५०० च्या वर असेल तर लागतेच. मधल्या आकड्याचा निर्णय पशुवैद्यांवर सोपवा. औषध मोजलेल्या वजनाप्रमाणे पूर्ण द्या, कारण कमी मात्रेतून चिवट जंतच मागे उरतात. चौदा दिवसांनी पुन्हा तपासा. अंडी ९० टक्क्यांनीही घटली नसतील तर ते औषध तुमच्या पागेत चालत नाही असे धरा. फीतकृमी आणि आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या या तपासणीत नीट सापडत नाहीत, म्हणून वर्षातून एक-दोन वेळा पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध राहतेच. शिंगरांचे वेळापत्रक पूर्ण वेगळे असते. आणि चरायच्या जागेवरची लीद आठवड्यातून दोनदा उचलणे औषधाइतकेच काम करते.

नवा घोडा आणि दुखते पोट

नव्या घोड्याला तीन आठवडे वेगळे ठाण, वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि त्याचे काम सर्वांत शेवटी. दिवसातून दोनदा ताप घ्या. घशाच्या गाठींच्या संसर्गजन्य आजारात ताप आधी येतो आणि नाक नंतर वाहू लागते. या दोहोंमधल्या दिवसांत घोडा वेगळा असेल तर पागा वाचते. धनुर्वाताची लस झाल्याचा पुरावा नसेल तर ती पुन्हा सुरू करा.

पोट दुखत असल्याची लक्षणे म्हणजे पोटाकडे वळून पाहणे, पाय आपटणे, वारंवार आडवे होणे आणि लोळणे, ओठ वर उचलणे, खाणे सोडणे. सर्व चारा लगेच काढा. नाकातून किंवा तोंडातून तेल, काढा काही ढोसू नका: ते फुप्फुसात जाते आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. तेल देणे आवश्यक वाटले तर पशुवैद्य नळीने थेट जठरात देतात. वेदनाशामकही विचारल्याशिवाय नको. लोळून स्वतःला इजा करत असेल तर संथ चालवा, शांत पडून असेल तर पडू द्या. तासन्‌तास चालवून फक्त दमवणे होते. फोन करण्याआधी नाडी, ताप, हिरड्यांचा रंग, शेवटची लीद केव्हा झाली आणि गेल्या दोन आठवड्यांत आहारात काय बदलले एवढे कागदावर लिहा. नाडी ६० च्या वर असेल तर तो आकडा सगळ्यात आधी सांगा.